कोऱ्या जागेलाही खिळे लागतात

“तेवढं शेवटचं कट करावं लागंल बघा काका. त्यांचं पॅकेज हाय आपल्याकडं.”

पोरगा इतक्या सहज बोलून गेला की मी ‘बरं’ म्हणून मानसुद्धा डोलावली. २०२४ च्या विधानसभेची गोष्ट. मतदानाला चार दिवस होते. मी रजा टाकून गावी आलो होतो आणि उतरल्या उतरल्या स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. पोरगा बावीस-तेवीसचा असेल. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, हातात माईक, आणि माईकला लाल-पिवळ्या थर्माकोलचा ठोकळा, त्यावर चॅनेलचं नाव. त्याचा जोडीदार काठीवर मोबाइल धरून मागे मागे सरकत होता, तो भज्याच्या कढईत बसता बसता वाचला. “काका, तालुक्यात हवा कुणाची?” कॅमेरा समोर आला की माणूस पोट आत घेतो, तसं मीही घेतलं. म्हटलं, “रस्ते झाले, ते दिसतंय, नाही म्हणता येणार नाही. पण नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेही रात्री दोनला. माझी आई पंच्याहत्तरीची आहे, ती दोनला उठून हंडे भरते. तिनं त्या रस्त्यावरून जायचं तरी कुठं?” टपरीवर दोघं-तिघं हसले. पोरगा म्हणाला, “भारी बोललात काका.” मग जोडीदाराकडे बघून माईक खाली केला आणि कट करायचं ते वाक्य म्हणाला. माझ्या चहाचे पैसेही त्यानेच दिले.

मला राग आला नाही, आणि तेच मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. पुण्यात मित्रांना हा किस्सा सांगितला की ते संतापतात, ‘काय दिवस आलेत’ म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर मान हलवतो. पण टपरीवर त्या क्षणी मला झालं होतं ते वेगळंच. खूप वर्षांनी जुन्या ऑफिसातला कुणी रस्त्यात भेटावा आणि त्याने नावाने हाक मारावी, तसं काहीतरी. पॅकेज. हा पोरगा दुधाचे दात पडायच्या वयात होता, तेव्हापासून माझी आणि या शब्दाची ओळख आहे.

२००९ साली मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. नाव सांगत नाही. त्या निवडणुकीत तिथं जे झालं ते एकट्या तिथंच झालं असं कुणी म्हणणार नाही. १३ ऑक्टोबरला मतदान होतं आणि त्याआधीचे पंधरा दिवस जाहिरात विभागातून रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास कागदांचा गठ्ठा वर यायचा. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘पॅ’ लिहिलेलं असलं की त्या मजकुराला हात लावायचा नाही, शुद्धलेखन तेवढं बघायचं. पॅकेजात इतके दिवस, इतक्या बातम्या, एक मुलाखत, एक अँकर म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी, असा हिशेब असायचा. रक्कम वाढली की समोरच्याची बातमी न येण्याचीही सोय व्हायची. बातमीच्या सुरुवातीला ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असायचं. आमचा प्रतिनिधी त्या वेळी बहुधा मागच्या जिन्यात विडी ओढत बसलेला असायचा. एका रात्री मी लावलेल्या एकाच पानावर एकाच मतदारसंघातले तिघे उमेदवार प्रचंड मतांनी निवडून येत होते. पहिल्याच्या पदयात्रेला उत्स्फूर्त प्रतिसाद, दुसऱ्याच्या सभेला अलोट गर्दी, तिसऱ्याचा विजय ही आता केवळ औपचारिकता. मला आठवतं ते एवढंच, की आमच्या फॉन्टमध्ये ‘उत्स्फूर्त’मधलं जोडाक्षर तुटायचं, त्स एकीकडे आणि फू दुसरीकडे. मी बराच वेळ घालवून ते नीट केलं होतं. त्या पानावर माझ्याकडून झालेलं तेवढंच एक सचोटीचं काम.

पानं वेळेवर सुटली.

त्याच आठवड्यात गुरुजी आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, अपक्ष उभे, चिन्ह कपबशी. साठ किलोमीटर एसटीने आले होते. कापडी पिशवीतून त्यांनी फुलस्केपवर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं प्रसिद्धिपत्रक काढलं. अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं, एकेक ओळ पट्टीने आखल्यागत. मुद्दे पाच होते, त्यातला पहिला मुद्दा वाड्या-वस्त्यांवरच्या पोरांना शाळेत येताना ओढा ओलांडावा लागतो हा. माझं नाव ऐकून म्हणाले, “म्हणजे तू जुळारी नानांचा का रे? तुझ्या वडलांनी माझ्या लग्नाची पत्रिका जुळवलीय.” मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पत्रक घेऊन आत गेलो. आतून साहेब म्हणाले, खाली पाठव. खाली म्हणजे जाहिरात विभाग. मी बाहेर येऊन तेच म्हणालो, थोडं मऊ करून. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “जाहिरात नाही बाळ, बातमी आहे ही.” मी म्हटलं, हो गुरुजी, तरी एकदा खाली विचारून बघा. ते खाली गेले नाहीत. जिना उतरून सरळ स्टँडच्या दिशेने गेल्याचं मला खिडकीतून दिसलं. पत्रक माझ्या टेबलावर राहिलं.

वडलांचं सांगायचं तर ते खरंच खिळेजुळारी होते, छपाईचे खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं एकेक जुळवून मजकूर उभा करणारे. तालुक्याच्या गावात एक छापखाना होता, पुढे ट्रेडल मशीन, मागे खिळे ठेवायच्या लाकडी खणांच्या, म्हणजे केसांच्या, उतरंडी, आणि त्या छापखान्यातून एक साप्ताहिक निघायचं. शाळा सुटली की मी तिथंच. शाईचा आणि रॉकेलचा वास, वडलांच्या डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात न बघता केसातल्या घरांवरून फिरतोय, काना, मात्रा, रफार, आणि ओळ उलटी वाचत वाचत पुरी होतेय. मला आरशातली अक्षरं आधी वाचता यायला लागली आणि सुलटी नंतर, असं आई चेष्टेने म्हणायची. त्या साप्ताहिकाचे संपादक साखर कारखान्याच्या चेअरमनवर असं लिहायचे की वडील जुळवताना मध्येच थांबून हसायचे. पण अंक चालायचा तो कोर्टाच्या जाहीर नोटिसांवर आणि त्याच कारखान्याच्या वार्षिक सभेच्या नोटिशीवर. नोटीस मिळायच्या आधीचे दोन अंक जहाल असायचे, मिळाल्यानंतरचे दोन अंक देवदर्शनाला गेल्यासारखे शांत. वडील हे ओळखून होते. तरी त्यांना त्या माणसाबद्दल आदर होता, आणि तो आणीबाणीपासूनचा.

१९७५ च्या त्या पावसाळ्यात छपाईआधी प्रूफं सरकारी अधिकाऱ्याला दाखवावी लागायची. एका अंकाचा अग्रलेख निळ्या पेन्सिलीने आडवा करून परत आला. संपादक म्हणाले, दुसरं काही घालू नका, जागा तशीच कोरी राहू द्या. वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा राजकारणाचं काहीच बोलायचे नाहीत, काम किती पडलं ते सांगायचे. खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा म्हणजे नुसती मोकळी सोडलेली जागा नव्हे. चौकटीत पोकळी राहिली तर फर्मा आवळताच येत नाही, सगळं पान ढासळतं. तिथं कोरे ठोकळे, शिशाच्या पट्ट्या, लाकडी तुकडे बसवावे लागतात, अक्षरांपेक्षा बुटके, घट्ट. जरा सैल राहिले तर मशीन चालताना वर चढतात आणि कागदावर काळे डाग उठतात. दोन कॉलमचा कोरा अग्रलेख बसवायला वडलांना रात्रीचे दोन वाजले. “कोऱ्या जागेलाही खिळे लागतात,” ते म्हणायचे, “उलट जास्तच लागतात.” पुढे कोरी जागा ठेवायलाही मनाई झाली. तो अंक आमच्याकडे बरीच वर्षं होता. लहानपणी मला त्या कोऱ्या चौकोनात चित्र काढावंसं वाटायचं.

वर्तमानपत्रात लागून तीनेक वर्षं झाल्यावर, २००६ च्या जूनमध्ये, मी ब्लॉग सुरू केला. टोपणनाव घेतलं ‘जुळारी’. आज हे हास्यास्पद वाटेल, पण तेव्हा संगणकावर मराठी उमटवणं हाच एक पराक्रम होता. ऑफिसात ज्या फॉन्टात दिवसभर काम करायचो तो बाहेर चालायचा नाही. युनिकोडसाठी घरच्या विंडोज एक्सपीत सीडी घालून काहीतरी चढवावं लागायचं, बराहा हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि एवढं करून समोरच्याला ओळीने चौकोनी डबेच दिसायचे. पहिल्या लेखावर आलेली पहिली प्रतिक्रिया ‘डबे दिसताहेत’ अशी होती. नगरपालिकेच्या सभेची बातमी ऑफिसात चार परिच्छेदांची जायची, उरलेले सहा मी रात्री घरी लिहायचो. कुठल्या ठेकेदाराचा विषय सूचीत नसताना कसा आला, कोण कुणाच्या कानाशी लागलं, विरोधी नगरसेवकांचं पाणी प्यायला बाहेर जाणं नेमकं मतदानाच्या वेळी कसं होतं. वाचायला येणारे अकरा जण असायचे. त्यातले तिघे अमेरिकेत आणि एक दुबईत. त्यांना आमच्या नगरपालिकेशी काय घेणं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण रात्री साडेअकराला तो आकडा अकरावरून बारा झाला की मला जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या हजारो अंकांपेक्षा जास्त आनंद व्हायचा.

सुरू करून जेमतेम महिना झाला आणि ब्लॉग उघडेनासा झाला. माझे हातपाय गळाले. वाटलं, ठेकेदाराने केलं. दोन दिवस मी ऑफिसात कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. मग कळलं की ११ जुलैच्या मुंबईतल्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर केंद्राने मोजक्याच काही साइट बंद करायला सांगितल्या होत्या आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांनी आमचे ब्लॉग ज्यावर होते ते सगळं ब्लॉगस्पॉटच झाकून टाकलं होतं. देशभरातले सगळेच बंद. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर किंचित अपमानही वाटला.

त्या दिवसांत आम्हा लिहिणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या एका प्रकरणाचा फार बोलबाला होता. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस या बड्या वाहिनीने अध्यक्ष बुश यांच्या तरुणपणच्या नॅशनल गार्डमधल्या नोकरीबद्दल काही कागद दाखवले, १९७२-७३ चे म्हणून. काही तासांतच लोक नेटवर लिहू लागले की ही अक्षरं त्या काळातल्या टाइपरायटरची वाटत नाहीत. अक्षरागणिक रुंदी बदलतेय, आकड्यामागचं ‘टीएच’ बारीक होऊन वर चढलंय, हे तर वर्डमध्ये आपोआप होतं. वाहिनीच्या एका माजी अधिकाऱ्याने या मंडळींची घरात पायजमा घालून लिहिणारे म्हणून टर उडवली. पण बाराव्या दिवशी वाहिनीला सांगावं लागलं की हे कागद अस्सल आहेत असं आम्ही सिद्ध करू शकत नाही. मी हे लिहायला बसायचो ते खरोखरच पायजम्यात, त्यामुळे मला ही गोष्ट विशेष आवडायची. वडलांना सांगितली. त्यांना बुश माहीत होते, बाकी काही नाही. पण अक्षरांच्या रुंदीचं आल्यावर ते सावरून बसले, पुन्हा सांग म्हणाले, कागदावर ‘टीएच’ काढून दाखवायला लावलं. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, “एवढ्या मोठ्या कचेरीत एक जुळारी नव्हता?”

आम्हाला तेव्हा वाटायचं की आता वर्तमानपत्रांचं दुकान उठलं. मालक नाही, जाहिरात विभाग नाही, कागदाचा खर्च नाही, सत्य आहे आणि बराहा आहे. असं वाटणारे आम्ही काही पहिले नव्हतो. केसरीत मनासारखं लिहिता येईना म्हणून आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारक काढला. १९२० च्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केला, तेव्हा माथ्यावर तुकोबांचा अभंग छापला, भीड सोडून तोंड वाजवण्याचा. त्या मूकनायकाची जाहिरात, तीही रोख पैसे मोजून, घ्यायला केसरीने नकार दिला होता. हे आठवलं की मला आमच्या जाहिरात विभागाचं हसू येतं. आमच्याकडे निदान पैसे देणाऱ्याला कुणी नाही म्हटलं नसतं. पण आगरकरांनी जे लिहिलं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. आगरकरांची प्रेतयात्रा तर लोकांनी ते जिवंत असतानाच काढली. माझ्या धाडसाला टोपणनाव होतं आणि महिन्याच्या सात तारखेला पगार होता. हा पगार कशातून निघतो हे मला ठाऊक होतं, कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या ‘पॅ’मधून.

गुरुजी गेले त्या रात्री मी घरी येऊन त्यांचं पत्रक अक्षर न् अक्षर टाइप केलं आणि ब्लॉगवर टाकलं. वर दोन परिच्छेद लिहिले, पॅकेज म्हणजे काय ते सांगणारे, आमच्या दैनिकाचं नाव न घेता. नेहमीचे अकरा आले. दुबईवाल्याने ‘अशा माणसांची आज गरज आहे’ असं लिहिलं. गुरुजींच्या मतदारसंघातला एकही माणूस त्यात नव्हता. गुरुजींना कळवावं असं फार वाटलं, एक प्रिंटसुद्धा काढून ठेवली. पण त्यांच्या हातात ती पडली असती तर त्यांनी ती चावडीवर चार जणांना अभिमानाने वाचून दाखवली असती, आणि मग जुळारी नानांचा मुलगा म्हणजेच हा जुळारी, हे कळायला कुणाला कितीसा वेळ लागणार? प्रिंट कपाटातच राहिली. २२ तारखेला निकाल लागला. गुरुजींचं डिपॉझिट गेलं. आमच्या पानावर ते ‘इतर’मध्ये होते.

आणि गंमत म्हणजे, हे सगळं बाहेर काढलं ते वर्तमानपत्रातल्याच माणसाने. निकाल लागून आठवडा व्हायच्या आत पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त महाराष्ट्रातल्या या पॅकेजांवर लिहिलं, आणि नोव्हेंबरअखेर ‘अशोकपर्व’चं प्रकरण आलं. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांवरचा एकच मजकूर शब्दशः तीन वेगवेगळ्या मराठी दैनिकांत, आणि निवडणूक खर्चात वर्तमानपत्री जाहिराती दाखवलेल्या ५,३७९ रुपयांच्या. मुख्यमंत्र्यांनी आरोप नाकारले. पुढे २०१४ मध्ये या प्रकरणातला निवडणूक आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, हेही सांगायला हवं. प्रेस कौन्सिलची या पॅकेजांच्या विषयावर दोघांची समिती होती, परंजॉय गुहा ठाकुरता आणि श्रीनिवास रेड्डी. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, वर्तमानपत्रांची नावं घेऊन. कौन्सिलने जुलै २०१० मध्ये त्याची कात्री लावलेली लहानशी आवृत्ती पुढे केली आणि मूळ बाजूला ठेवलं. मग ते ७१ पानी मूळ मेलमधून, ब्लॉगांवरून फिरत राहिलं; अधिकृतपणे बाहेर आलं ते माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये. मी ते ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं, रात्रपाळीला, दहा-दहा पानं करून, कुणी आलं तर वर ठेवायला पंचांगाची प्रूफं हाताशी घेऊन. आमच्या रात्रपाळीच्या शिपायाने विचारलं, एवढं काय छापता? म्हटलं, आपल्याच ऑफिसचं आहे. आमच्या दैनिकाचं नाव त्यात आहे का, हे मी सगळ्यात आधी शोधलं. काय सापडलं ते इथं लिहीत नाही.

त्या वर्षी वडील गेले. मी नोकरी सोडून पुण्यात एका प्रकाशकाकडे प्रूफं तपासायला लागलो. लोक विचारतात, तत्त्वासाठी सोडली का? पगार जास्त होता आणि रात्रपाळी नव्हती.

ब्लॉग हळूहळू वाळला. मी बराच काळ त्याचं खापर २०१२ वर फोडत आलोय. शिवसेनाप्रमुख गेले तेव्हाच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. बायको त्या रात्री म्हणाली, बंद करा तुमचं ते. तिच्या आवाजातली भीती खरी होती. पण तोवर शेवटचा लेख टाकून मला आठ महिने झाले होते आणि तो आंब्याच्या पन्ह्यावर होता. त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, त्यानंतरही मी काही लिहिलं नाही. ज्या मेलवरून ब्लॉग उघडला होता त्याचा पासवर्ड आता मला आठवत नाही, आणि तो नव्याने मिळवायचा कोड ज्या नंबरवर जातो ते सिमकार्ड जिल्ह्याच्या गावीच बंद केलं. त्यामुळे ‘जुळारी’ आता तसाच आहे. वाचता येतो, बोलत नाही.

त्या पोराचं चॅनेल मी गावातल्याच मुक्कामात, रात्री अंथरुणावर पडून बघितलं. जवळपास सगळे व्हिडिओ सारखेच. अमक्यांना वाढता पाठिंबा, तमक्यांच्या रॅलीत जनसागर, मागे ढोल-ताशा, खाली धावती पट्टी. ‘उत्स्फूर्त’ इथंही होता आणि इथंही चुकलेला, ‘उस्फूर्त’. जरा खाली गेल्यावर पावसाळ्यातला एक व्हिडिओ सापडला. वस्तीवरची पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन ओढ्यातून चाललीत, पाणी मांडीपर्यंत. हा पोरगा पँट वर दुमडून त्यांच्याबरोबर पाण्यात उतरलाय, एका लहान मुलीला त्याने कडेवर घेतलंय आणि उरलेल्या हातात माईक धरून तो विचारतोय, “रोज असंच जातीस का गं?” ती काही बोलत नाही, माईकच्या लाल-पिवळ्या ठोकळ्याकडे बघत राहते. मी तो तीनदा बघितला. गुरुजींच्या पत्रकातला पहिला मुद्दा, पंधरा वर्षांनी, हलत्या चित्रात. माझ्या टेबलावर तो कागद एका रात्रीपुरताही नीट टिकला नव्हता आणि हा पाण्यात उतरला होता. बघणारे मात्र फारसे नव्हते. ढोल-ताशांना याच्या कितीतरी पट लोक होते, आणि त्या ढोल-ताशांतूनच याच्या पेट्रोलचे पैसे निघत असणार.

दुसऱ्या दिवशी टपरीवरचा भाग आला. माझ्या वाट्याला चार सेकंद होती. मी पोट आत घेऊन म्हणतो, “रस्ते झाले, ते दिसतंय, नाही म्हणता येणार नाही,” आणि लगेच पुढचा माणूस. काम सफाईने केलं होतं, जोड कुठं दिसत नव्हता, काळा डाग उठला नव्हता. मी टपरीवाल्याकडून पोराचा नंबर घेतला आणि विचारलं, कापलेलं तुझ्याकडे आहे का रे अजून? त्याने कसलेही आढेवेढे न घेता व्हॉट्सअॅपवर सगळा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, ‘काका तुमच्यापुरतं ठेवा, कुठं टाकू नका प्लीज. धंदा आहे.’ मी ‘हो’ लिहिलं. पाठवायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्या रात्री पाणी यायचं होतं. आई उठली तसा मीही उठलो, अंगणात हंडे मांडून दोघं नळासमोर बसलो. थंडी होती. नळ नुसताच फुसफुसत होता. करायला काही नव्हतं म्हणून मी तिला आधी चॅनेलवरचं दाखवलं. “एवढंच?” ती म्हणाली. मग पोराने पाठवलेलं पुरं लावलं. तिने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला, स्वतःचा उल्लेख आला तिथं पदर सारखा केला, जणू कॅमेऱ्यात तीच होती. संपल्यावर फोन परत दिला आणि नळाला कान लावून म्हणाली, “दोनला कुठं येतं रे? अडीचला येतं. तेवढं दुरुस्त कर.”